अम्माची पाठ

गेल्या वर्षी सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठली आणि मी अम्माला म्हटलं, "आता रोज दोन तास माझ्याकडं येऊन बसायचं." ती म्हणाली, "बसते की. पण रिकाम्या हातानं नाही बसणार."

माझ्या आईनं, अम्मानं, उभा जन्म विड्या वळल्या. कुंभारीच्या गोदूताई विडी घरकुलात माझ्या भाऊ-वहिनीसोबत राहते. २००६ साली विडी कामगार बायकांना तिथं दहा हजार घरं मिळाली, त्यातलं एक तिच्या नावावर आहे. आमच्या घरात तेलुगू चालतं. तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहितेय, पण तिचा सूर तेलुगूचा आहे हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

मी शिल्पकार आहे. मुंबईला जे. जे.मध्ये शिकले आणि सोलापूरला परत आले. पूर्व भागात वडिलांच्या मागाचं पत्र्याचं शेड होतं. चारही माग भंगारात गेल्यावर ते रिकामं पडलं होतं. अठरा वर्षं झाली, मी तिथंच काम करते.

पोट चालतं ते अर्धपुतळ्यांवर. शाळेचे संस्थापक, साखर कारखान्याचे पहिले चेअरमन, पतसंस्थेचे अध्यक्ष. गेलेल्या माणसाचा बहुतेक वेळा एकच फोटो हातात पडतो, तोही समोरून काढलेला, टोपी घातलेला. बाजूनं चेहरा कसा होता, डोकं मागून चपटं होतं की गोल, मान आखूड होती का, हे सगळं घरच्यांना विचारून विचारून गोळा करावं लागतं. एका घरी मुलानं, सुनेनं आणि भावानं तीन तऱ्हेचे कान सांगितले. शेवटी आजी उठल्या, धाकट्या नातवाला जवळ ओढला, त्याचा कान धरला आणि म्हणाल्या, "असा." तो कान मी तसाच केला. पुतळा पाहून आजींनी पहिला हात कानालाच लावला. चौकात बसवायचा पुतळा असला तर मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, समितीच्या भेटी, दुरुस्त्या, असं वर्ष वर्ष जातं. या कामांनी मला हात दिला, भाकरी दिली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण शिकत असताना एका सुट्टीत मी अलिबागजवळ सासवण्याला गेले होते. शिल्पकार करमरकरांचं तिथं घर आहे, आता ते शिल्पालय आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ सालचा, तो त्यांचा. तो मी आधी पाहिलेला होता. सासवण्यात मात्र मी थांबले ती साध्या माणसांपाशी. कोळीण, गावातले चेहरे, अंगणातली म्हैस. ज्या हातांनी महाराजांचा घोडा उभा केला, त्याच हातांनी, त्याच इमानानं ती म्हैस केलेली. तेव्हापासून मनात होतं की अम्मा करायची. पूर्णाकृती, बसलेली, मांडीवर सूप घेतलेली, आणि ब्रॉन्झमध्ये. चार हुतात्मा चौकातले पुतळे बघत मी मोठी झाले. १२ जानेवारीला, त्या चौघांच्या फाशीच्या दिवशी, वडील मला तिथं न्यायचे. पुतळा कुणाचा करतात, याचं माझं पहिलं उत्तर तेच होतं. अम्मा त्या उत्तरात बसत नव्हती, आणि ते मला आतून टोचत राहिलं.

गेल्या वर्षी एका मोठ्या कामाचे पैसे एकरकमी आले आणि मी सुरुवात केली.

आधी वीतभर उंचीची पाच छोटी मॉडेल्स केली. त्यातलं चौथं धरलं. मग सांगाडा. जाड फळी, बारा एमएमची सळई, तिला वाकवून कंबर आणि पाठ, वर जीआय तार, आणि तारेला लटकवलेले लाकडी तुकड्यांचे छोटे क्रॉस. त्यांना आम्ही बटरफ्लाय म्हणतो. ओल्या मातीचं वजन खाली ओढतं, ती घसरू नये म्हणून ते आत माती धरून ठेवतात. सांगाडा चुकला की वर कितीही सुंदर काम करा, माणूस उभा किंवा बसलेला वाटत नाही. ठेवलेला वाटतो.

अम्मा पहिल्या दिवशी सूप, पानं, कात्री, दोरा, सगळं पिशवीत घेऊनच आली. मी म्हटलं, नुसती पोज दे, वळू नको. तिनं प्रयत्न केला. पाच मिनिटांत तिचे खांदे वर आले, मान ताठ झाली, फोटोला बसल्यासारखी झाली. मग म्हटलं, वळ बाई. तिनं पान घेतलं, पत्र्याच्या मापावर ठेवून कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, अंगठ्यानं गुंडाळी केली, दोऱ्याचे फेरे दिले, आणि तोंड दुमडून बंद केलं. दुसऱ्या विडीपर्यंत तिचं सगळं अंग आपापल्या जागी जाऊन बसलं.

मी पाठीमागं जाऊन उभी राहिले. पुतळा मी तिथूनच सुरू केला.

एरवी मी चेहऱ्यापासून विचार करते, कारण गिऱ्हाईक चेहरा बघतं. इथं गिऱ्हाईक नव्हतं. अम्माची पाठ मी जन्मापासून बघत आले होते आणि तरी मला ती माहीत नव्हती. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. कणा सरळ उतरत नाही, कमरेपाशी डावीकडं झुकून मग खाली जातो, कारण उजवा गुडघा किंचित वर आणि सगळा भार डाव्या बैठकीवर. मानेच्या मुळाशी एक उंचवटा, वर्षानुवर्षं खाली बघून तयार झालेला. डोळ्यांनी पुरेना, म्हणून मी हातांनी चाचपलं. बोटांनी एकेक मणका मोजत खाली गेले. अम्मा म्हणाली, "अगं, गुदगुल्या होतात," आणि वळत राहिली. त्या दिवशी शेडमध्ये परत मातीला हात लावला तेव्हा खांदा आपोआप खाली गेला. तीन आठवडे फक्त पाठ केली. बसलेल्या माणसाचं वजन जमिनीला कुठं टेकतं ते एकदा सापडलं की नाकडोळे पुढं आपले आपण येतात, असा माझा अनुभव आहे.

हातांची चूक तिनंच काढली. मातीचे हात बघून म्हणाली, "दोरा असा नाही धरत. हिची विडी सुटेल." तिच्या दृष्टीनं माझ्या पुतळ्याची विडी कारखान्यात छाटली गेली असती. मी तीन दिवस फक्त तिचा उजवा अंगठा बघत बसले आणि हात पाडून पुन्हा केला.

फेब्रुवारी सरला आणि सोलापूरचं ऊन लागलं. पत्र्याच्या शेडमध्ये ओली माती दुपारपर्यंत भेगाळते. रोज रात्री ओल्या कापडात गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचं, सकाळी सोडायचं, दुपारी पुन्हा पाणी मारायचं. गोणपाट लवकर सुकतं. घरातल्या जुन्या ट्रंकेत चादरी होत्या, बाजारात न गेलेल्या, सेकंडच्या. सोलापुरी चादर जाड, पाणी धरते. त्यातली एक लाल चादर काढून मी भिजवून पाठीवर टाकायला लागले. मार्चमध्ये एका सकाळी चादर उचलली तर उजव्या खांद्यावर, पदराच्या मातीत, विणकाम उमटलेलं. चौकटी-चौकटीत फूल, त्याच्या कडेला बारीक दाणे, धाग्याच्या उभ्या-आडव्या खुणा सुद्धा. मधून एक सरळ बारीक रेघ गेलेली, जणू कुणी नखानं ओरखडलं. पहिल्यांदा वाटलं, गेलं काम. पुसायला पाणी घेतलं आणि हात थांबला. मी पदराला पोत देण्यासाठी आठवडाभर वेगवेगळी हत्यारं वापरून बघत होते आणि काहीच जमत नव्हतं. तो तळहाताएवढा तुकडा मी ठेवला, ओरखड्यासकट. बाकीचा पदर त्याच्या आधारानं पूर्ण केला.

एप्रिलच्या मध्याला साचा घेतला. आधी सिलिकॉन रबराचे थर, वर फायबरचं कवच, दोन्ही तुकड्यातुकड्यांनी, जोडावर पत्र्याच्या पट्ट्या लावून. उन्हात रबर लवकर पकडतं, डबा फेटून होईपर्यंत घट्ट व्हायला लागतं, म्हणून पहाटे चारला उठून काम केलं. साचा उघडला की आतली माती मोडते. हे दरवेळी होतं, आणि दरवेळी मला एक दिवस जेवण जात नाही. तीन महिने जिच्याशी बोलत होतो ती बाई चिखल होऊन टोपलीत पडलेली असते, आणि हातात उरतो तिचा उलटा पोकळ आकार.

आता त्या पोकळीत मेण. ब्रॉन्झचा मोठा पुतळा आतून पोकळ असतो. आपल्या नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे ब्रॉन्झ सापडले, रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. ते भरीव ओतलेले आहेत, चौघं मिळून साठ किलोच्या वर. त्या लोकांनी एवढी धातू त्यात कशी घातली असेल या विचारानं मी थक्क होते. पण बसलेली बाई भरीव ओतली तर जाड जागी धातू उशिरा थंड होते, आकसते, खड्डे पडतात. म्हणून साच्याच्या आतून ब्रशनं पातळ मेणाचे थर द्यायचे, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत. जेवढं मेण, तेवढीच पुढं धातू. आम्ही मेणाचं वजन करून धातूचा अंदाज काढतो, साधारण दहापट धरतो. अम्माचं मेण १२ किलो भरलं. म्हणजे १२० किलोच्या आसपास धातू, शिवाय नळ्यांतली वेगळी.

हे काम मे महिन्यात सोलापुरात करू नये. पण ओतकामाचे मामा म्हणाले होते, "ताई, पावसाआधी आणा. पावसात साचे वाळत नाहीत आणि ओल्या साच्यात धातू ओतली तर ती आपल्या तोंडावर उडते." बेचाळीस डिग्रीला मेणाचा हात कोपरात वाकतो, बोटं लोंबतात. मी दिवसा झोपले आणि रात्री काम केलं. मेणाचे तुकडे पाण्याच्या टाकीत ठेवायचे, एक काढायचा, तापवलेल्या पात्यानं जोड मिटवायचे, पुन्हा पाण्यात. पदरावरच्या विणकामाच्या दोन-तीन फुलांचे दाणे मेणात बोथट झाले होते. सुईनं पुन्हा कोरायचा मोह झाला. कोरलं नाही. हातानं कोरलेला धागा आणि चादरीनं दिलेला धागा यांत फरक दिसतोच.

डोकं, धड, दोन हात, पाय, सूप असे भाग वेगळे करून, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाच्या पिशव्या लावून, रात्री दहाला टेम्पो निघाला. मंगळवेढा, सांगोला, मिरज, मग कोल्हापूर. मी मागं पेट्यांजवळ बसले. दर तासाला झाकण उघडून हात घालून बघायचे. उजाडायच्या आत पोचलो.

तिथला महिना लवकर सांगते. मेणाच्या भागांना मेणाच्याच नळ्या लावल्या, धातू आत यायला आणि हवा बाहेर जायला. आत आणि बाहेर प्लास्टर आणि विटेची सुरखी यांचं मिश्रण भरलं, आतला गाभा हलू नये म्हणून खिळे मारले. भट्टीत कित्येक दिवस भाजलं, मेण वितळून जळून गेलं, साचा कोरडा ठणठणीत झाला. मग वाळूत गाडून भोवतीनं ठोकून बसवला. धातू म्हणजे शंभरात ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच भाग. मूस भट्टीतून वर आली तेव्हा जस्ताचा पांढरा धूर उठला. मामांनी वरची मळी ओढून काढली. खाली धातू मला वाटलं होतं तशी लाल नव्हती, पिकल्या संत्र्याहून उजळ होती, आणि आरशासारखी हलत होती. दोघांनी मूस धरली, मामा एवढंच म्हणाले, "थांबायचं नाही," आणि एका धारेत ओतली. बुडबुड आवाज आला. मग दुसऱ्या टोकाच्या नळीतून धातू वर येऊन चमकली. तिथं ती दिसली की आतला पुतळा भरला असं समजायचं.

उजवा हात भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. धड सुरेख आलं होतं, डोकंही. उजव्या हाताची तीन बोटं पेरापर्यंतच. टोकं गोल, गुळगुळीत, जणू धातू तिथवर येऊन घाबरून थांबली. मी तो हात मांडीवर घेऊन कारखान्याच्या दारात बसले. अम्माचा हात, ज्याच्यासाठी मी तीन दिवस एक अंगठा बघितला होता. मामा शेजारी येऊन बसले. तो हात त्यांनी उलटसुलट केला आणि म्हणाले, "बोटाच्या टोकाला हवेला वाट नव्हती. हवा अडकली, धातू थंडावली. माझी चूक आहे, मी नळ्या मनगटावर ठेवल्या." साचा सोलापुरात होता, म्हणून मेण पुन्हा काढता आलं. मी रात्रीच्या गाडीनं आले, हात पुन्हा मेणात काढला, डब्यात घेऊन गेले. या वेळी प्रत्येक बोटाच्या टोकाला काडीएवढी नळी लावली, आणि धातू खालून वर चढेल अशी वाट ठेवली. पाचही बोटं आली. दोराही आला.

मग जोडकाम. सगळे भाग आर्गन वेल्डिंगनं जोडायचे, आणि वेल्डिंगची कांडी त्याच धातूची ओतून घ्यायची. बाजारची कांडी वापरली तर पॉलिशला ठीक दिसतं, पण रंग चढवला की जोडावर वेगळा पट्टा उमटतो. गाभा फोडून काढला, खिळ्यांची भोकं बुजवली, ग्राइंडर, छिन्नी, कानस. एका दुपारी मी चहाला बाहेर गेले आणि आत आले तर एक पोरगा उजव्या खांद्यावर ग्राइंडर धरून उभा. विणकामाला तो ओतकामातला दोष समजला होता. दोन फुलं गेली होती. मी इतक्या जोरात ओरडले की सगळे माग थांबल्यासारखं झालं. त्या पोराचा चेहरा उतरला. त्याची काय चूक? त्याला हेच शिकवलेलं, धातूवर नको ती रेघ दिसली की घासायची. मी त्याला जवळ बोलावून चादरीची गोष्ट सांगितली. पुढं त्या खांद्याचं काम त्यानंच केलं, बारीक छिन्नीनं, आणि उरलेल्या विणीला एक टोचा लागू दिला नाही.

रंग मी शेडमध्ये परत आणून केला. ब्लो टॉर्चनं धातू तापवायची, ब्रशनं सल्फाइडचं पाणी, त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास सगळ्या गल्लीत. तांबूस-पिवळी धातू आधी तपकिरी होते, मग काळसर. त्यावर फेरिक नायट्रेट हलक्या हातानं, की तपकिरीत लाल ऊब येते. हिरवा मी वापरला नाही. अम्मा हिरवी नाही. शेवटी गरम धातूवरच मधमाश्यांचं मेण चोळलं आणि फडक्यानं घासलं. उंच जागा उजळल्या, गुडघा, अंगठा, सुपाची कड. खोल जागी काळोख राहिला.

अम्मा दुसऱ्या दिवशी वहिनीबरोबर रिक्षानं आली. समोर बसली, जमिनीवर, तिच्यासमोर ती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी एवढी लहान आहे का?" मी म्हटलं, धातू थंड होताना आकसते, शंभरात दीड. मातीत होतीस त्यापेक्षा बोटभर कमी झालीस. तिला ते पटलं, मान हलवली. हात पुढं करून तिनं ब्रॉन्झचा अंगठा चाचपला, दोरा चाचपला. "आता सुटणार नाही," म्हणाली.

उठून मागं गेली. पाठीवरून हात फिरवत उजव्या खांद्यावर आली आणि तिथं तिची बोटं थांबली. फुलं मोजल्यासारखी एकेक दाबली. मग त्या सरळ रेघेवर नख ठेवून वरून खालपर्यंत ओढलं.

"ही ह्यांच्या मागावरची चादर."

मी म्हटलं, ट्रंकेतली आहे, लाल. कुणाची ते मला माहीत नाही.

"अगं, ही तार बघ ना. वीज गेली आणि परत आली तेव्हा उभी तार तुटली. ह्यांना कळलंच नाही, तशीच चादर पूर्ण विणली. शेठनं घेतली नाही. दोन दिवस जेवले नव्हते ते." तिनं पुन्हा नख फिरवलं. "मी म्हटलं, राहू दे घरात, पोरीला थंडीत होईल."

वहिनी म्हणाली, किती वर्षं झाली असतील? अम्मा म्हणाली, ही तेव्हा रांगत होती.

मग ती माझ्याकडं वळली. "चादर कुठाय आता?"

चादर शेडच्या कोपऱ्यात बादलीवर पडली होती, मातीनं कडक झालेली, एका टोकाला फाटलेली. अम्मानं ती झटकली, घडी घातली, आणि काखेत मारून म्हणाली, "धुऊन आणते. माती निघेल हिची."